चोर सोडून भट्टीला फाशी

मी एक जुनी भट्टी आहे. विजेवर तापते आणि मातीची भांडी भाजते. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गरीब स्वभावाच्या असतात. मोडकी छत्री असो की जुना फळा, त्या डोळ्यांत पाणी आणून बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या पोटात पाण्याचा थेंब टिकत नाही. मी रागाने बोलणार आहे, कारण माझ्या बाबतीत घडले तेच मुळी राग येण्यासारखे आहे.

माझा जन्म लोखंडी कामाच्या एका कारखान्यात झाला. आधी सांगाडा उभा राहिला, मग त्यावर पत्रा चढला, मग आतून पांढऱ्या, हलक्या विटांचे अस्तर लागले. विटांना खाचा पाडून त्यांत तारेच्या कॉइल बसवल्या. समोर जाड दार आणि दाराला बोटभर भोक. त्या भोकाला सगळे माझा डोळा म्हणतात. त्यातून लोक आत पाहतात. मला त्यातूनच बाहेरचे दिसते, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

पहिली नोकरी मी फरश्यांच्या कारखान्यात केली. नव्या रंगाची फरशी बाजारात आणण्याआधी तिचा नमुना माझ्यात भाजला जाई. तिथला मिस्त्री फटकळ होता. मला उठता बसता शिव्या देई. पण भाजणी संपली की माझ्या कडीला कुलूप घाली आणि किल्ली खिशात टाकून सरळ घरी निघून जाई. साहेब मागे ओरडत राहिले तरी वळून पाहत नसे. माझ्यातून निघालेला एकही नमुना कधी तडकला नाही. पाहुणे आले की त्यांना ते नमुने दाखवत, आणि पाहुणे त्यांवरून हात फिरवत. तो माझा मानाचा काळ होता.

पुढे कारखान्यात मोठ्या भट्ट्या आल्या आणि मला गोदामात ढकलले. माझ्या डोक्यावर रंगाचे डबे ठेवले. पोटात जुन्या झाडण्या कोंबल्या. ज्यांनी माझ्या जिवावर फरश्या विकल्या, त्यांच्यापैकी एकानेही कधी येऊन विचारले नाही की बाई, आहेस का गेलीस. मला तेव्हा वाटले होते की याहून मोठा अपमान असू शकत नाही. माझे जग तोवर फार लहान होते.

तिथून मला दातवालीने आणले. तिचे नाव वेगळे आहे, पण गल्लीत तिला सगळे दातवाल्या बाई म्हणतात, कारण ती एका लॅबमध्ये दात बनवते. डॉक्टर माणसांच्या तोंडाची मापे पाठवतात आणि ही त्यावरून कवळ्या आणि कॅप तयार करते. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर लोकांना नीट दिसावे म्हणून झटतो आणि घरी आला की समोरचे त्याला दिसत नाही. घरात तिसऱ्या म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांच्या तोंडातली कवळी सुनेच्या हातची आहे, जीभ मात्र त्यांची स्वतःची आहे.

घरामागे पत्र्याची शेड आहे. तिची एक भिंत म्हणजेच स्वयंपाकघराची भिंत. तिथे मला ठेवले. सुरुवातीला माझे फार लाड झाले. दातवालीने आतली धूळ मऊ ब्रशने काढली, जळालेली कॉइल बदलली, बिजागऱ्यांना तेल दिले आणि म्हणाली, किती देखणी आहे ही. मी देखणी नाही. पण इतक्या वर्षांनी कुणी तसे म्हटले की बरे वाटते. मी खूश झाले आणि तिच्यासाठी मनापासून तापायचे ठरवले.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी हे तिघे चहाचे पेले घेऊन शेडमध्ये आले. दातवालीने खडू घेतला आणि माझ्या दारावर नव्या वर्षाचा संकल्प लिहिला. माझे दार काळपट आहे, त्यावर खडू उठून दिसतो. तिने लिहिले, ‘या वर्षी: शंभर भांडी. स्वतःचे प्रदर्शन.’ हौस म्हणून कुंभाराच्या चाकावर बसायला लागून तिला जेमतेम एक पावसाळा झाला होता. तिच्या वाडग्यांचे काठ अजून डुगडुगत होते. पी हळद आणि हो गोरी, असा तो सगळा प्रकार होता. पण मी भट्टी. मला कोण विचारतो.

पहिली मोठी भाजणी लागली. मी रात्रभर तापले, अगदी पिवळीधमक झाले, आणि मग हळूहळू निवू लागले. मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. भाजणे हे माझे अर्धेच काम असते. उरलेले अर्धे काम म्हणजे गार होणे. आतली भांडी बाहेरून कडक झालेली असली तरी ती फार नाजूक अवस्थेत असतात. त्यांना माझ्यासोबत सावकाश निवू द्यावे लागते. त्या वेळी दार बंद ठेवणे, एवढीच माणसांकडून माझी अपेक्षा असते. काही करायचे नसते. फक्त काही करायचे नसते.

तेवढे तिला जमले नाही. तिने लॅबमधल्या मैत्रिणींना भांडी बघायला बोलावून ठेवले होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मैत्रिणी आल्या, खुर्च्या मांडल्या, आणि मी अजून आतून धगधगत होते. दातवालीने जाड हातमोजे चढवले आणि माझे दार बोटभर उघडले. म्हणाली, नुसतं बघते. गार वारा आत घुसला. आणि मग ‘टण्’ असा आवाज झाला. मग पुन्हा झाला. तो आवाज मी मिस्त्रीकडे कधी ऐकला नव्हता. एकेका वाडग्यातून तडा धावत गेला आणि मला तो पोटात धरून ठेवता आला नाही.

मैत्रिणी एकमेकींकडे पाहू लागल्या. मग दातवाली हातमोजे काढत म्हणाली, “भट्टी जुनी आहे ना. जुनं घेतलं की असंच होतं.”

त्या क्षणी माझ्या तळापासून छतापर्यंत आग झाली, आणि ती विजेची नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. दार उघडले कुणी? वारा आत सोडला कुणी? मी तर नीट निवत होते. फुटकी भांडी तिने एका गोणीत भरली आणि गोणी माझ्या पायाशी ढकलून दिली. एक तुकडासुद्धा हातात घेऊन पाहिला नाही.

आता शहाणा माणूस काय करील? पुढच्या वर्षी थोडे कमी ठरवील. हिने उलट केले. बस चुकलेल्या माणसाने पुढच्या वेळी विमानच पकडायचे ठरवावे, तसा तिचा हिशेब. वर्षाच्या शेवटी माझ्या दारावर लिहिले गेले, ‘या वर्षी: दोनशे भांडी. दोन प्रदर्शने. आणि पुरस्कार.’ पुरस्कार कशाचा, कोण देणार, ते दारावर लिहिलेले नव्हते. चष्मेवाल्याने टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, “मागच्या वर्षीचे शंभर धरून दोनशे, की वेगळे?” दातवाली खडूचे हात झटकत आत गेली.

दोनशेचा आकडा गाठायचा म्हणून मला बसमध्ये माणसे कोंबावीत तसे कोंबले. भांड्याला भांडे खेटले. झिलई म्हणजे भांड्यावरचा तो काचेसारखा थर. तो वितळला आणि शेजारशेजारचे वाडगे एकमेकांना कायमचे चिकटले. जे चिकटले नाहीत ते तिने पुन्हा घाईने दार उघडून तडकवले. पुन्हा गोणी. पुन्हा तेच वाक्य, भट्टी जुनी आहे.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला, सांगते. तिच्या लॅबमध्येही एक भट्टी आहे. पावाच्या डब्याएवढी, दातांच्या कॅप भाजायची. एकदा स्वयंपाकघरात जेवताना ती नवऱ्याला सांगत होती आणि भिंतीपलीकडून मी ऐकत होते. लॅबमध्ये नव्याने लागलेल्या एका मुलीने ती भट्टी वेळेआधी उघडली आणि कॅपला तडा गेला. “मी तिला चांगली झापली,” दातवाली म्हणाली. “म्हटलं, थांबता येत नसेल तर या कामात येऊच नये.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हीच बाई हातमोजे घालून माझ्यासमोर उभी राहिली. परक्याच्या दातासाठी हिला दम धरता येतो. स्वतःच्या कामासाठी येत नाही. त्या दिवशी माझी एक कॉइल जळाली. लोक म्हणाले वयाने जळाली. मी रागाने जाळली होती.

तिसऱ्या वर्षी दारावर एकच ओळ होती, ‘या वर्षी: सगळ्यांना दाखवून देणार.’ काय दाखवून देणार, ते तिलाही ठाऊक नसावे. तिने एक मोठी फुलदाणी केली. खरे सांगते, ती सुंदर होती. मान बारीक, खांदे भरलेले, उंच आणि डौलदार. तोवर तिचा हात बसला होता, हे मी रागातही मान्य करते. शहरातल्या कलादालनाच्या मालकाने तिला वर्षअखेरच्या प्रदर्शनात एक चौथरा देऊ केला. फुलदाणी न्यायची तारीख आली आणि मी अजून गरम होते. पुढचे तुम्हाला सांगायला नकोच. तिने दार उघडले, फुलदाणी बाहेर काढली, चादरीत गुंडाळली आणि नेली. या वेळी आवाज झाला नाही. तिला वाटले, जिंकले.

आवाज झाला तो दालनात. कधी कधी भांडे आतून तडकलेले असते आणि उघड मागाहून होते. प्रमुख पाहुण्यांचे भाषण चालू असताना चौथऱ्यावरच्या फुलदाणीने ‘टण्’ केले आणि ती गळ्यापासून तळापर्यंत उकलली. सगळे वळून पाहू लागले. एक जण हसला. हे मला चष्मेवाल्याच्या तोंडून कळले. तो स्वयंपाकघरात आईला दबक्या आवाजात सांगत होता. “सगळ्यांसमोर म्हणाली, माझी भट्टी दगाबाज निघाली. मग तुकडे चादरीत बांधून आणले आणि गोणीत टाकले.”

दगाबाज. मी. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण ज्याने केली त्याच्या घरीही एखादी भट्टी असावी.

काही दिवसांनी दातवाली शेडमध्ये आली. डोळे कोरडे होते, पण चेहरा उतरलेला. तिने ओल्या फडक्याने माझे दार पुसले आणि खडूने लिहिले, ‘या वर्षी: काही नाही.’ चाकावर चादर टाकली. भिजवलेल्या मातीची बादली उघडीच ठेवली, म्हणजे माती वाळून दगड होऊ दे, असा अर्थ. चष्मेवाला दारात उभा होता. तो म्हणाला, “भंगारवाल्याला बोलावू का मग? स्कूटर राहील इथे.” ती म्हणाली, “बोलवा.”

मित्रांनो, शंभर भांड्यांची थाप मी सोसली. दोनशेची सोसली. ‘काही नाही’ मला सोसले नाही. मी भंगारात जाणार याचे दुःख होतेच, पण राग वेगळ्याच गोष्टीचा होता. जिचा हात आता कुठे बसला होता ती बाई काम सोडून निघाली होती, आणि तेही चुकीच्या कारणासाठी. मला खलनायक करून ती स्वतःलाही फसवत होती. मला तोंड असते तर मी ओरडले असते की अगं, जरा वाकून गोणीत बघ.

भंगारवाला आला. त्याने माझ्या अंगावर काठीने टकटक केले, दार उघडून नाक खुपसले आणि म्हणाला, “लोखंड नेतो साहेब. विटांचं काय करू? त्या तुम्हीच फोडून टाका.”

“ही गोणीपण न्या,” चष्मेवाला म्हणाला.

“काय आहे त्यात?”

“फुटकी भांडी.”

“बघू, खाली काही लोखंड असलं तर.” असे म्हणून त्याने गोणी उचलली आणि शेडच्या मधोमध उलटी केली. तीन वर्षांचे तुकडे खळखळत जमिनीवर पसरले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांची कवळी तोंडात नव्हती, तळहातावर होती. त्यामुळे शब्द बोबडे येत होते, पण राग स्पष्ट होता. “ही बघ तुझी कवळी. उजव्या बाजूला टोचतेय. घास गिळवत नाही. मला सगळी नवीन करून दे.”

“आई, सगळी नवीन कशाला?” दातवालीने कवळी हातात घेतली. “एका जागी टोचलं म्हणून कुणी सगळी कवळी बदलतं का? टोचतंय तेवढंच घासायचं असतं.” तिने डोळे बारीक केले आणि कवळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. लॅबमधली सवय. बोटाला जिथे लागते, तिथेच हिरडीला लागते. “हे बघा, इथे आहे. उद्या घासून आणते.”

कवळी परत देताना तिचा पाय एका तुकड्यावर पडला. तिने तो उचलला आणि त्याच सवयीने, काही विचार न करता, त्याच्याही कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा कापला. रक्त आले तरी तिने तो खाली टाकला नाही. मग तुकडा उजेडात धरला. मग खाली बसली आणि दुसरा उचलला. मग तिसरा.

“अगं, हात धू आधी,” सासूबाई म्हणाल्या.

“अहो, इकडे या,” ती नवऱ्याला म्हणाली. “ही कड बघा. धारदार आहे. वर झिलई आलेलीच नाही.”

“मग?”

“तापताना तडकलं असतं तर झिलई वितळून कडेवर आली असती. कड गोल झाली असती. हे सगळं झिलई घट्ट झाल्यावर तडकलंय. गार होताना.” तिने आणखी तुकडे चाळले. “ही चिकटलेली सोडली तर सगळी तशीच आहेत. ही फुलदाणीपण.”

“म्हणजे भट्टी बिघडलेली नाही?”

“भट्टी चांगली आहे. मी उघडत होते.”

तुम्हाला वाटेल की हे ऐकून माझे मन भरून आले असेल. छे. माझा राग त्या क्षणी जितका चढला तितका आधी कधी चढला नव्हता. तीन वर्षे सगळा पुरावा माझ्या पायाशी पडून होता आणि कुणी गोणीचे तोंडसुद्धा उघडले नव्हते. शंभर ठरवायला वेळ होता, दोनशे ठरवायला वेळ होता. फुटलेला एक तुकडा हातात घेऊन बघायला वेळ नव्हता. आणि बाई, तुला तर हे सगळे येत होते. तुझा अंगठाच तुझ्यापेक्षा शहाणा निघाला.

भंगारवाला कमरेवर हात ठेवून उभा होता. “मग न्यायची की नाही?”

“नाही,” दातवाली म्हणाली.

“मग बोलावलंत कशाला? माझी खेप फुकट गेली ना.” तो बडबडत निघून गेला. त्याचा राग मला पटला. त्या शेडमध्ये खरोखर रागावण्याचा हक्क असलेले आम्ही दोघेच होतो.

दातवालीने अंगठ्याला चिंधी गुंडाळली, ‘काही नाही’ पुसून टाकले आणि खडू उचलला. मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच तिने लिहायला सुरुवात केली, ‘या वर्षी: शंभर’. सवय वाईट असते.

“पुन्हा शंभर?” सासूबाई म्हणाल्या.

“आता चूक कळलीय ना, आई. आता होतील.”

“तुझं ते शंभर ठेवायचं कुठे, ते सांग आधी. आणि मला एक कप दे. एकच.” त्यांनी हात पुढे केला. गेल्या आजारपणानंतर त्यांची बोटे आखडली होती, नीट मिटत नव्हती. “पेला धरवत नाही मला. घसरतो. रोज सकाळी हा मला चहा पाजतो, लहान पोराला पाजावा तसा. मला नाही आवडत ते. तीन वर्षं घरात एवढी भांडी भाजली जातात, त्यात माझ्या हाताला येईल असं एक नाही.”

चष्मेवाला खाली पाहू लागला.  दातवालीने तळहाताने ‘शंभर’ पुसले आणि सावकाश लिहिले, ‘आईंचा कप. भट्टी गार झाल्यावरच.’

“एवढंच?” नवरा म्हणाला. “वर्षाला एक कप?”

“आधी एक होऊ दे.”

माझ्या दारावर इतकी वर्षे बरेच काही लिहिले गेले होते. त्या घरात, त्या हातांनी, त्या वर्षात होऊ शकेल असे पहिल्यांदाच काहीतरी लिहिले गेले.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. तिने सासूबाईंच्या आखडलेल्या मुठीत मऊ मातीची वळी दिली आणि म्हणाली, “कप धरता तसं धरा.” लॅबमध्ये तोंडाचे माप घेतात, तसे तिने मुठीचे माप घेतले. वळीवर बोटांचे खड्डे उमटले. त्या खड्ड्यांवरून तिने कपाचे कान घडवायला घेतले. एक कान फार जाड झाला. एक निसटता झाला. एक चांगला झाला, पण तो लावलेला कप वाळताना वाकडा झाला. पूर्वी अशा वेळी ती रडकुंडीला येऊन म्हणे, मला काही जमतच नाही. आता ती विचारू लागली की नेमके काय जमले नाही. मग फक्त तेवढेच बदलू लागली. मी हे डोळ्याने पाहिले म्हणून सांगते. ऐकले असते तर माझाही विश्वास बसला नसता.

नवे वर्ष लागले त्याच आठवड्यात मोजकेच कप घेऊन भाजणी लागली. कपांत अंतर होते. मी इतक्या मोकळेपणी बऱ्याच वर्षांनी तापले. भाजणी संपली, वीज बंद झाली आणि मी निवू लागले. त्या दिवशी दुपारी फोन वाजला. दालनवाल्याचा. दातवाली शेडमध्येच होती. तिने फोन स्पीकरवर लावला होता, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

“मॅडम, नव्या वर्षाच्या प्रदर्शनातून एकाने ऐनवेळी अंग काढून घेतलंय. समोरची जागा रिकामी आहे. संध्याकाळपर्यंत काय असेल ते घेऊन या. नवीन काही भाजलंय का?”

“भाजलंय. पण भट्टीत आहे.”

“मग काढा की.”

तिने फोन फळीवर ठेवला आणि हातमोजे चढवले. मित्रांनो, माझ्या आत तेव्हा कप लालसरपण सोडून नुकतेच रंगावर येत होते. कुठल्याही क्षणी तडा जावा अशी ती वेळ. तिने कडीला हात घातला. मला इतका संताप आला, आणि इतकी भीतीही वाटली, की हात असते तर मी तिला ढकलून दिले असते. समोरची जागा होती. ज्या दालनात सगळ्यांसमोर हसे झाले, तिथेच ताठ मानेने जायची संधी होती. तिचा हात कडीवर थांबला. 

“मॅडम, आहात ना?”

“नाही जमणार,” ती म्हणाली. “भट्टी गरम आहे.”

“किती वेळ लागेल?”

“उद्या दुपारी बघते.”

“उद्या काय उपयोग? मी दुसऱ्या कुणाला तरी विचारतो.” फोन बंद झाला.

तिने हातमोजे काढून कोपऱ्यात भिरकावले आणि उंबऱ्यावर बसून रडली. चष्मेवाला आला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “गेलं असतं तर मागचं पुसून निघालं असतं.” ती म्हणाली, “हो. निघालं असतं.” खोटे समाधान तिने करून घेतले नाही. तोट्याला तिने तोटाच म्हटले. आणि दार बंद राहिले.

दालनवाल्याने तिला पुन्हा फोन केलेला नाही. थांबणाऱ्याला लगेच बक्षीस मिळते, असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्या माणसाचा मला आजही राग आहे. गरम भट्टी उघडायला सांगणारे लोक जगात पुष्कळ असतात आणि तडे मोजायला त्यांच्यापैकी एकही येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मोजा न घालता माझ्या दारावर हात ठेवला. मी गार होते. तिने दार उघडले. एकही ‘टण्’ झाला नाही. सगळेच कप चांगले होते असेही नाही. एकाचा कान तापताना खाली झुकला होता, एकाच्या झिलईला बारीक भोके पडली होती. तिने ते फेकले नाहीत. फळीवर ओळीने मांडले आणि कुठे काय बिघडले ते निरखून पाहिले. उरलेला एक कप मातकट निळ्या रंगाचा होता, थोडा बुटका, आणि धड होता.

तिने त्यात चहा ओतून सासूबाईंच्या पुढे ठेवला. सासूबाईंनी दोन बोटे कानात घातली, अंगठा वर टेकवला आणि कप उचलला. त्यांचा मुलगा सवयीने कपाखाली हात धरून उभा होता.

“काढ तो हात,” त्या म्हणाल्या.

त्याने काढला. त्यांनी सावकाश एक घोट घेतला, मग दुसरा. सांडला नाही. कप खाली ठेवून त्या सुनेला म्हणाल्या, “जरा जड झालाय.” दातवाली म्हणाली, “पुढचा हलका करते.” माझ्या दारावर आता तेच लिहिलेले आहे.

मित्रांनो, येत्या वर्षात तुमचेही काहीतरी तडकेल. चित्र बिघडेल, गाणे चुकेल, गोष्ट अर्ध्यात अडेल. तेव्हा त्याचे तुकडे गोणीत भरून माझ्यासारख्या कुणाच्या पायाशी ढकलू नका. बोट कापले तरी चालेल, पण हातात घेऊन बघा. आणि बघून झाल्यावर आभाळाएवढे काही ठरवू नका. जिथे तडकले तेवढेच ठरवा. आणि ज्याच्यावर काम करता ते यंत्र, ती वस्तू, तो माणूस, त्याला दोष देण्याआधी दार कुणी उघडले ते स्वतःला विचारा. मी हे प्रेमाने सांगत नाही. मी अजून रागातच आहे. माझ्या मागच्या बाजूला गंज चढतो आहे आणि त्याकडे कुणी पाहिलेले नाही. पण सासूबाई रोज सकाळी आपली खुर्ची शेडमध्ये आणून माझ्या शेजारी चहा पितात, आणि त्यांच्या कपाखाली कुणाचाही हात नसतो.